पेटीवाल्याचा दिवा

आम्हा चौघा मित्रांत एक जुना, मोठा लाकडी कॅमेरा आहे. त्याच्या कातडी भात्याला छिद्रं पडली आणि उजेड शिरून फिल्म वाया जायला लागली. सोलापुरात कॅमेरावाले सगळे नाही म्हणाले, म्हणून भजनाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो.

दुकानात अंधार. तो भाता दाबायचा, गालाजवळ धरायचा आणि बोटानं सरस लावायचा. मी वैतागलो.

“मामा, असली बारीक छिद्रं अंधारात कशी दिसणार? दिवा तरी लावा!”

“जिथनं वारा येतो, तिथनंच उजेड शिरतो की,” तो शांतपणे म्हणाला. “तुमाला पायजे तर लावतो.”

त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, “लागला का?”

दिवा लख्ख लागला होता. त्याची दोन्ही बुबुळं पांढरीफटक होती.