चहानंतरचा पहिला स्ट्रोक

वणीचा रंगनाथ हुशार होता, यात वादच नाही. पण हुशार माणूस मालकाला भ्याला की घात होतो, हे मी सातपूरला फिटर म्हणून राबताना डोळ्यांनी पाहिलंय.

दोन हजार चारची गोष्ट. आमच्या वर्कशॉपातला पत्र्याचा प्रेस कॉम्प्युटरवर चालायचा. त्या कॉम्प्युटरचं कर्नल, म्हणजे आतला सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम, रंगनाथने बसवलेलं. दाब, म्हणजे पत्रा ठोकणारा वरचा जड ठोकळा, एक स्ट्रोक मारून वर गेला की ठरलेला वेळ थांबायचा, तेवढ्यात ऑपरेटरने पत्रा सरकवून हात काढायचा. ऑपरेटर होता रंगनाथचा सख्खा मावसभाऊ, पुंजाराम. त्याचे हात त्या थांब्याच्या भरवशावर.

मशीनमध्ये प्रोसेसर दोन, आणि वेळ मोजायचा काटा प्रत्येकाचा वेगळा. मोजायला सुरुवात एकाने केली आणि दुसऱ्याचा काटा पुढे असला, की तो दुसरा थांबा आधीच संपला म्हणून मोकळा. कर्नलला हे कळायचं. ते प्रोसेसरांवर विसंबायचं नाही, बोर्डावरचं जुनं सावकाश घड्याळ धरायचं. त्यात प्रेस जरा मंद चाले. मालक रोज टोचायचा, "रंगनाथ, माल कमी निघतोय."

शेवटी रंगनाथने दोन्ही काटे जुळवले, काटे पडताळायची कर्नलची तपासणीच बंद केली आणि वेळ प्रोसेसरांच्या काट्यांवर सोडली. मी म्हणालो, "अरे बाबा, राहू दे की." तर म्हणतो, "दिवसभर चालवून बघितलंय, भाऊ." बघितलं खरं, पण न थांबता. काम नसलं की एखादा प्रोसेसर झोपतो, त्याचा काटाही थांबतो आणि मागे पडतो, हे शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि कामगार काय, चहाला जाणारच ना.

पुंजाराम चहा पिऊन आला, पहिला पत्रा सरकवला आणि दाब वेळेआधीच खाली आला. उजवा पंजा गेला.

मालकाने पोलिसांना सांगितलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. नोकरीच्या भीतीने रंगनाथने मान डोलावली. माझं डोकं असं फिरलं, की हातातला पाना फेकून मारावासा वाटला. मी खरं सांगितलं, पण फिटरला कोण विचारतो?

मग दवाखान्यात जाऊन पुंजारामलाच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"रंगूबद्दल असं बोलू नको," तो म्हणाला. "मशीन त्यानं बघितलंय म्हणूनच मी बिनधास्त हात घालायचो. चूक माझीच हाय."