दारात उभं राहून पाहिलेले शेवट

इंग्लंडात लीड्सच्या ज्या सिनेमागृहात मी झाडलोट करते, तिथले सगळे पिक्चर मला फक्त शेवटून माहीत आहेत. पडद्यावर नावं सुरू झाली की पॉपकॉर्न झाडायला आत शिरायचं, म्हणून मी पाच मिनिटं आधीच दारात उभी असते. एकेक शेवट तीस-तीस वेळा बघितलाय.

अमेरिकन पिक्चरमध्ये माझ्या वयाच्या, पन्नाशीच्या बाईचं काय होतं, ते मला विचारा. डोक्याला रुमाल बांधून हॉस्पिटलात पडलेली असते, आणि मुलाला शहाणपण यावं म्हणून मरते. नाहीतर मुलीच्या लग्नात पिऊन नाचते आणि सगळं थिएटर तिला हसतं. बॉस असली तर काचेच्या ऑफिसात एकटी. एखादी दारात उभी राहून मुलाच्या गाडीला हात हलवते, बस्स. अरे, गाडी गेल्यावर ती आत जाऊन काय करते? चहा टाकते? शिव्या घालते? कॅमेरा गाडीबरोबर निघून गेलेला असतो!

घरी बोलले तर नवरा म्हणाला, "अगं, तुला झाडायला ठेवलंय, परीक्षण लिहायला नाही."

"अहो, पण डोकं फिरतं."

आमची मॅनेजर तिशीची. नववीत शाळा सुटलेल्या मला तिने शाळेचा एकही कागद न मागता कामावर घेतलं. ते उपकार मी विसरत नाही. म्हणूनच तिकिटांच्या काउंटरवर जागा निघाली, तेव्हा अर्ज द्यायला मला आठ दिवस लागले.

"तू मागेच छान आहेस, लव्ह," ती हसून म्हणाली; इथे सगळ्यांना 'लव्ह'च म्हणतात. "आमची सगळ्यांची मम, आईच आहेस तू! पुढे जरा फ्रेश चेहरे लागतात."

'थँक्यू' ओठांवर आलंच होतं. गिळलं.

"मी कुणाची मम नाही इथे. माझी दोन मुलं घरी आहेत, तेवढी पुरेत. तिकिटांचं मशीन अडलं की तुझे फ्रेश चेहरे मलाच हाका मारतात. मला काय येत नाही, ते सांग."

हातातलं कामही जाणार, असंच वाटलं. तिने अर्ज उचलून पहिल्यांदाच नीट वाचला.

"मंगळवारी ट्रायल. एक शिफ्ट."

काउंटरवरच्या त्या पोरांची ट्रायल कुणी घेतली होती? संतापाने कान तापले, तरी हो म्हणाले. बसमध्ये घर येईपर्यंत तिकिटांचे प्रकार घोकत राहिले: मोठ्यांचं, लहानांचं, विद्यार्थ्यांचं, फॅमिलीचं.