जनीआत्याच्या कोंबड्या कुठे झोपतात?

जनीआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणू रोडच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या काढून देत होते. तिचा मुलगा गणपत म्हणाला, "आई गेली. जेवून ओटीवर टेकली, ती उठलीच नाय." मग जरा थांबून म्हणाला, "कोंबड्या बाहेरच हायेत..." यातल्या कशाला उत्तर द्यावं, मला सुचेना. महिना उलटून गेला, अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावर तिचं घर, मागे थोडी भातशेती आणि अंगणभर कोंबड्या. कोंबडी डांबून ठेवणं तिला पटत नसे. पण मोकळी सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हेही तीच सांगे. पिल्लं अंगाने भरेपर्यंत बांबूच्या डालग्याखाली झाकलेली. घार आली तर शिरायला अंगणाच्या कडेला करवंदीची जाळी मुद्दाम राखलेली. कुत्रा पिल्लांतच वाढवलेला, त्यामुळे तो त्यांना घरातलीच समजे. संध्याकाळी डबा वाजवून मूठभर कण्या टाकायची, की सगळ्या धावत येत आणि खुराड्यात शिरत. "पोटभर घालून सोडलीस तर लांब जाते," ती म्हणे. "थोडी भूक ठेव, घरी येते." लग्नानंतर मी सासरी निघाले तेव्हा तिने मला नुसता चहाच पाजला होता. त्यावरून मी तिला पुष्कळ वर्षं चिडवलं.

मग २०१८च्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायला लागली. भांडी वाजत, भिंतींना चिरा पडत. लोक थोडे दिवस बाहेर झोपत, थंडीला कंटाळून पुन्हा आत जात. नेमक्या त्याच सुमारास आत्याच्या कोंबड्या खुराड्यात शिरेनाशा झाल्या. कण्या खाऊन सरळ आंब्यावर चढत. पाड्याने निकाल देऊन टाकला, की मुक्या जीवांना आधी कळतं! रोज संध्याकाळी बायका गोधड्या घेऊन दारात उभ्या राहत. कोंबड्या आंब्यावर गेल्या, की सगळा पाडा अंगणात.

मला हसू येई आणि रागही येई. मी भेटायला गेले तेव्हा आत्याला स्पष्टच विचारलं. तिने मला खुराड्याआड नेलं आणि हळूच म्हणाली, "उवा झाल्यात आत. कोणाला सांगू नको. बाहेर झोपतायत ते बरंच हाय."

हे मला पटलं. औषधांच्या दुकानात जन्म गेलेल्या बाईला याहून काय पटणार? पुढच्या खेपेला मी उवांची पावडर नेऊन दिली. तिने ती कनवटीला लावली आणि मलाही अंगणातच अंथरूण घातलं. रानमांजर वर चढू नये म्हणून आंब्याच्या बुंध्याला तिने काट्या बांधल्या होत्या. तरीही एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, गेलीच. सकाळी पिसं गोळा करताना आत्या रडत होती. उवा मारायच्या सोडून ही रडत का बसली आहे, मला समजेना.

आत्याचे दिवस झाल्यावर खुराडं साफ करायला मी वाकले, तर आत राखेचा जाड थर. एक ऊ नाही. शेजारची सुमन म्हणाली, "उवा होऊ नयेत म्हणून त्या तर रोज राख टाकायच्या." पावडरीची पुडी वळचणीला तशीच, न फोडलेली...

म्हणजे उवा माझ्यासाठी होत्या. मला पटेल ते मला, पाड्याला पटेल ते पाड्याला, आणि झोपायचं मात्र सगळ्यांनी बाहेर. इथवर मी पोचते. पण मग कोंबड्या आत का जात नव्हत्या? तिनेच काही केलं होतं, की त्यांना खरंच कळत होतं? तिला विचारायचं राहिलं, आणि विचारलं असतं तरी तिने तिसरंच काहीतरी सांगितलं असतं. मला तिचा राग येतो. तिची फार आठवण येते.

धक्के अजून पुरते थांबलेले नाहीत. परवा संध्याकाळी तिच्या अंगणात मीच डबा वाजवला. कोंबड्या आल्या, कण्या टिपल्या आणि थबकल्या. खुराड्याचं दार उघडं, आत राख टाकलेली. सुमन आणि इतर बायका दारात गोधड्या घेऊन उभ्या होत्या. त्या कोंबड्यांकडे बघत होत्या, मीही बघत होते. थोरली कोंबडी खुराड्यात डोकावली, मागे फिरली आणि पंख फडफडवत आंब्यावर गेली.

मी आत गेले, ओटीवरची आत्याची गोधडी उचलली आणि अंगणात आणून अंथरली.