घोट्यावरची पॅन्ट

तुम्ही हसणार, हे मले माहीत आहे. हसा! चहा पिऊन घ्या आधी, नाहीतर नाकातून बाहेर येईल. पण त्या दिवशी मी इतका तापलो होतो, का माह्या डोक्यावर भांडं ठेवलं असतं त तुमचा हा चहा तिथंच उकळला असता.

माह्या साळ्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. सासुरवाडी दिघोरी. मी वरठीले कारखान्यात कामाले. रोज तीच वर्दी, तेच जाड बूट. म्हटलं, एक दिवस त माणसासारखं दिसू! मोबाइलवर पाहून पाहून घोट्याच्या वर थांबणारी राखी पॅन्ट घेतली. बिनमोज्याचे बूट. पांढरा शर्ट खोचला. आरशात पाहून स्वतःलेच म्हटलं, वा बे!

दिघोरीत मोटरसायकलवरून उतरलो. मामी, म्हणजे माही सासू, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या हातातच राहिला. नजर सरळ माह्या घोट्यावर!

"अवो माय! जवाईबापू, पॅन्ट आटली काय जी?"

"आटली नाही मामी. फॅशन आहे."

"आत दुमड असंल त उसवून देऊ काय?"

"हात नका लावू तिले!"

तेवढ्यात मामाजी आले. सासरे माहे. वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणतात, "धानाच्या रोवण्याले त अजून लय वेळ आहे जवाईबापू. आतापासून काहून पॅन्ट वर चढवली?"

"मामाजी, याले क्रॉप पॅन्ट म्हणतात!"

"क्रॉप? म्हणजे धानाचीच ना?"

सांगा, माणसानं काय करावं? दात खात बूट काढायले बसलो. त मामाजींनी मले गोठ्यामागं नेलं, आवाज बारीक केला.

"एक विचारू? कंपनी सुटली काय?"

"काय?"

"नाही, पायात मोजे बी नाही, म्हणून…"

"माही नोकरी पक्की आहे!" मी इतक्या जोरात ओरडलो, का शेजारची काकू कुडावरून डोकावली. आता नोकरी पक्की आहे असं कोणी ओरडून सांगते काय? ज्याची गेली, तोच सांगते! जेवायच्या आत बातमी गावभर. माही बायको रंजना पानात भात वाढता वाढता कानाशी येऊन म्हणते, "अवो, खरं सांगा. मी काय कोणाले सांगून राहिली काय?"

बायको बी! जी मले रोज डबा भरून देते, ती!

रागारागात जेवलो, लुंगी गुंडाळली, पॅन्ट खुंटीले टांगली अन् झोपलो. उठून पाहतो त काय? खुंटीवर राखी पॅन्ट, इस्त्री केलेली, अन् लांब! पार जमिनीले टेकंल अशी!

"मामी! उसवलीच ना शेवटी?"

"मी त फक्त इस्त्री मारली जी. ती पॅन्ट…"

"एक शब्द बोलू नका!"

सासूले असं बोललो मी. दिमागच सटकला होता. मामीची शिलाई मशीन कोपऱ्यात होतीच. घेतली कैची, अन् करकर करकर दोन्ही पाय वीतभर कापले. दुमडले, मशीन मारली. मामी दारात पदर तोंडाले लावून उभी. मले वाटलं, घाबरली! बरं झालं!

तेवढ्यात न्हाणीतून मामाजींचा आवाज. "अवो, माही पॅन्ट आणा!"

मामीनं तोंडावरचा पदर काढला. तिनं फक्त माह्या हाताकडं बोट दाखवलं.

अन् माही पॅन्ट? ती रंजनानं घडी करून पेटीत ठेवली होती. शेजाऱ्यायले दिसू नये म्हणून!

मामाजींच्या बाकीच्या पॅन्टा शेतात घालायच्या. नवरीच्या गावाले निघायची वेळ झाली होती. घातली त्यायनं तीच. मले एक शिवी नाही, काही नाही. दिली असती त बरं वाटलं असतं!

नवरीच्या मांडवात मी त्यायच्या मागं लपतच शिरलो. म्हटलं, आता इज्जतीचा पंचनामा! अन् झालं काय? मामाजी उंच, सडपातळ, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, अन् घोट्यावर थांबलेली ती पॅन्ट. नवरीचा बाप हात जोडून पुढं आला. "वा इवाईबुवा! काय इस्मार्ट दिसून राहिले!" सारा मांडव त्यायलेच पाहून राहिला. अन् तशीच पॅन्ट घातलेल्या मले? मले एका बाईनं खुर्च्या लावायले सांगितलं!

"कोण्या टेलरनं शिवली जी?" नवरीच्या आज्यानं विचारलं.

मामाजींनी माह्या खांद्यावर हात ठेवला. छाती अशी फुगवली, का बटन तुटते.

"हे काय, आमच्या जवायानं. कंपनी सुटली बिचाऱ्याची, पण बसून नाही राहिला. शिलाईचा धंदा टाकला!"

मी बोलायले तोंड उघडलं. पण आजा तोपर्यंत माह्यापुढं पाय लांब करून बसला होता.

"घे बाबू, माहं बी माप घे. अन् घोटा जरा जास्त दिसू दे!"