कानसेनचे तीन प्रोब

कर्करोगाच्या संशोधनासाठी किरणोत्सार हुडकणारे प्रोब तो बनवायचा. त्यांची टिकटिक ऐकून दोष सांगायचा, म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नाव कानसेन पडलं. घरची बेल मात्र त्याला कधीच ऐकू येत नसे.

नवा प्रोब विनाकारण बडबडत नाही ना, हे तपासायची त्याची खास रीत होती. बायको डबा घेऊन आली की प्रोब तिच्यासमोर धरायचा. "बघ, तुझ्यापुढे हाही माझ्यासारखाच गप्प!"

आज प्रोब तडतडला. त्याने दुसरा घेतला, मग तिसरा. तिघांनीही तोच गलका केला.

"सकाळी बहिणीकडे गेली होतीस ना?"

"हॉस्पिटलात गेले होते. स्कॅनसाठी ते किरणोत्सारी इंजेक्शन दिलं. निकाल आल्यावरच सांगणार होते तुम्हाला."

गाठ असेल तिथे ते औषध जास्त साठतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने घाईघाईने बटण बंद केलं.

"अहो, बंद का केलंत? बघा की, कुठे जास्त वाजतोय."

"आधी जेवू," तो म्हणाला. पण डब्याचं झाकण काही त्याला उघडेना.