अधीक्षिका जेवते कधी?

अकरा वर्षं मी कॉलेजात एकच कादंबरी शिकवली. निराधार बायकांच्या वसतिगृहाची गोष्ट, आणि त्यातली अधीक्षिका म्हणजे नुसता जाच. कमरेला किल्ल्या, कडक इस्त्रीची साडी, संध्याकाळी सातला फाटक बंद. सत्ता हाती आली की बाई कशी कोरडी होते, हे मी फळ्यावर मुद्दे काढून सांगायची. मुली भराभर उतरवून घ्यायच्या. मला माझंच फार कौतुक वाटायचं.

मग आमच्या प्राचार्यबाई निवृत्त झाल्या आणि ज्येष्ठ म्हणून प्रभारीपदाचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

स्टाफरूममध्ये आम्ही चौघी खिडकीजवळच्या टेबलावर डबा खायचो. करमाडहून येणारी मैत्रीण ज्वारीची भाकरी आणायची. माझी पोळी तिला, तिची भाकरी मला, हे ठरलेलं. केबिन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी डबा घेऊन गेले, तर तिघी ताडकन उभ्या राहिल्या. चाललेला हशा जागीच थांबला.

"बसा ना मॅडम," करमाडची म्हणाली. कालपर्यंत ती मला 'ये गं भवाने' म्हणून बोलवायची. त्या दिवशी भाकरी तिच्याच डब्यात राहिली. पाच मिनिटांत तिघींनाही कुठली कुठली कामं आठवली.

तेव्हापासून मी केबिनमध्येच जेवू लागले. शिपाई पाण्याच्या ग्लासावर झाकण ठेवून जायचा. घास तोंडात नुसता फिरायचा. खूप एकटं वाटायचं आणि रागही यायचा, पण कुणावर, ते कळत नव्हतं.

कादंबरीचा तास मात्र मी सोडला नव्हता. एकदा मागच्या बाकावरची मुलगी उठली.

"मॅडम, ही बाई जेवती कधी? आख्ख्या पुस्तकात तिला कुनी भाकर इचारलीच नाय."

वर्ग खो खो हसला. मी खडू शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली. अकरा वर्षं किल्ल्यांवर बोलत आले, तिच्या भुकेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आणि प्राचार्यबाई आठवल्या. एका दुपारी त्या आमच्या स्टाफरूममध्ये आल्या होत्या. "पंखा दुरुस्त झाला का, बघायला आले," म्हणाल्या. हातात डबा होता. सगळ्यात आधी उभी राहिले ती मीच. त्या गेल्यावर त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं, तेही मीच. आठवून मला स्वतःची लाज वाटली.

त्या रविवारी पोळ्या आणि भरली वांगी घेऊन उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. त्या एकट्याच राहतात. दार उघडून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मला बसायला सांगून आत गेल्या आणि चष्मा लावून, पेन घेऊन बाहेर आल्या.

"कशावर सही हवीय?"

"सही नको, बाई. जेवायला आलेय."

"माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

ताटं मांडून झाली तरी पेन त्यांच्या हातातच होतं.