पाठीतले बुक्के

"फुलाचंच नाव हवं तर जुई ठेवा. शेवंता कसलं, गावंढळ!" जळगावात भाचीच्या बारशाला, मी सुचवलेलं नाव ऐकून मागे कुणीतरी कुजबुजलं. पाळण्याला बांधलेल्या शेवंतीचा उग्र वास आला आणि मी धुळ्याच्या देवपुरातल्या त्या दुपारी जाऊन पोचले.

मी आठ वर्षांची होते, शेवंताआत्याच्या सासरी राहायला गेलेले. लग्नात शेवंताआत्याच्या नवऱ्याने तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं होतं, शिल्पा. तिच्या माहेरची एक म्हातारी दारातून ओरडली, "शेवंता, घरमा शे का वं?" आत्याने लगेच ओ दिली. म्हातारी गेल्यावर नवऱ्याने आत्याचं डोकं चौकटीवर आपटलं. "नाव काय तुझं?" प्रत्येक फटक्याला तोच प्रश्न. वेणीतल्या पिवळ्या पाकळ्या रक्ताला चिकटल्या. आत्या गप्पच राहिली. मला वाटलं, ती घाबरून नवं नाव विसरली. आज कळतं, तिला ते उच्चारायचंच नव्हतं.

आता बाळाची आत्या मी, नाव ठेवायचा मान माझा. कपाळावर जुना व्रण असलेली माझी आत्या समोरच बसली होती. रिवाजाप्रमाणे बायका हसत माझ्या पाठीत बुक्के घालू लागल्या, "सांग की गं, नाव काय?"

मी पाळण्यावर वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवंता."